दोन वर्षांच्या आतलं घर

बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक तीन होते, असं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही. भेटवस्तू तीन होत्या. सोनं, ऊद आणि गंधरस. त्यावरून माणसंही तीन धरली गेली. तीन वस्तू दोन माणसंही आणू शकतात आणि बारा माणसंही. हे मी आमच्या वाडीत वीसेक वर्षं सांगत आलो आहे. ऐकणारे मान हलवतात आणि नाताळच्या गोठ्यात पुन्हा तीनच राजे उभे करतात.

मी मोजणी खात्यात आहे. लोकांच्या जमिनीच्या हद्दी मोजून देतो. पुस्तकात आकडा दिसला की मी तिथे थांबतो आणि आकडा नसेल तर तो नाही याचीही नोंद घेतो. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मत्तयाने पहिल्याच पानावर येशूच्या वंशाच्या चौदा, चौदा आणि चौदा पिढ्या सांगितल्या आहेत. त्या मी नावानिशी मोजल्या. शेवटच्या गटात तेरा भरतात. आमच्या फादरना विचारलं तर ते म्हणाले, "मत्तय जकातवाला होता, तुमच्या खात्यातला नव्हे." लोक हसले. मी हसलो नाही, कारण प्रश्न तसाच राहिला होता.

आमची वाडी देवबागच्या वाटेवर आहे, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला खाडी. ख्रिस्ती घरं चौदा. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चर्चच्या गोठ्यातून बाळ येशूची मूर्ती वाडीत आणतो. आमच्या बोलीत तो बाळ जेजू. मूर्ती वीतभर उंचीची, डाव्या हाताची करंगळी तुटलेली. सव्वीस डिसेंबरपासून पाच जानेवारीपर्यंत अकरा संध्याकाळी ती अकरा घरी जाते. ज्या घरी मूर्ती, त्या घरी वाडीची प्रार्थना. अकरावं घर सगळ्यात मानाचं. त्या घरी बाळ जेजू मुक्काम करतो आणि सहा तारखेला सकाळी, तीन राजांच्या सणाला, त्या घरचा माणूस मूर्ती दोन्ही हातांवर घेऊन पुढे चालतो. मागून सगळी वाडी गात चर्चपर्यंत जाते.

घरं चौदा आणि दिवस अकरा, म्हणून दर वर्षी तीन घरं राहतात. पूर्वी यावरून भांडणं होत. ज्याचा आवाज मोठा त्याच्या घरी मूर्ती, असा कारभार होता. मी शंभर पानी वही आणली, घरांची यादी केली आणि दर वर्षी क्रम एकेक घराने सरकवला. या हिशेबाने प्रत्येक घर चौदा वर्षांत एकदा शेवटचं होतं. यादी लिहिताना मी स्वतःचं घर चौदावं लिहिलं. लिहिणाऱ्याने स्वतःला शेवटी ठेवावं, असं मला वाटलं होतं. तेरा वर्षं मी दुसऱ्यांची नावं वाचून दाखवली. या वर्षी चौदावं वर्ष होतं.

हे कोणाच्या लक्षात नव्हतं. मीही बोललो नव्हतो. वहीत होतंच.

आता पाववाल्याबद्दल सांगायला हवं. तो आणि त्याची बायको वेंगुर्ल्याकडचे. तो बोटीवर स्वयंपाकी होता, पाय अधू झाल्यावर बोट सुटली. आमच्या घरापासून तिसरं घर त्यांनी भाड्याने घेतलं, मागच्या पडवीत भट्टी बांधली आणि पाव भाजायला सुरुवात केली. तो गातो. चांगलं गातो हे मला मान्य आहे, कारण ते खोटं म्हणता येत नाही. त्याच्या पायरीवर संध्याकाळी चार-पाच माणसं असतात. मी त्या रस्त्याने गेलो की गप्पा थांबतात, कोणीतरी "या भाऊ" म्हणतं, मी "नको" म्हणतो आणि दहा पावलं पुढे गेल्यावर पुन्हा हसण्याचा आवाज येतो. मी दहा पावलं मोजली आहेत.

माझी आई ब्याऐंशीची आहे. तिच्या गोळ्यांचा तक्ता मी भिंतीवर लावला आहे: सकाळी तीन, दुपारी एक, रात्री दोन. पाच वर्षांत एकही वेळ चुकलेली नाही. पाववाला सकाळी सहा वाजता तिचे चार पाव घेऊन येतो आणि खुर्ची ओढून बसतो. बोटीवरच्या गोष्टी सांगतो. त्यातल्या निम्म्या खोट्या असाव्यात. एकदा तो गेल्यावर मी आईला म्हटलं, "त्याला काम नाही का दुसरं?"

आई म्हणाली, "तू माका गोळी वेळेर देतंस रे झिला. पन तो माझ्याकडे बसता."

 तिने ते ज्या सहजपणे सांगितलं, पाण्याची घागर भरली म्हणावं तसं, ते मला अजून आठवतं.

यंदा पहिल्या संध्याकाळी, सव्वीस तारखेला, प्रार्थना संपली आणि चहा फिरत होता. पाववाल्याने नुकतंच एक गाणं म्हटलं होतं. वाडीतली सगळ्यात वडील बाई, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, डोळे पुसत म्हणाली, "कसो गाता रे हो! ह्या वर्साक बाळ जेजूक शेवटाक ह्याच्या घराक ठेवया. गेल्या वर्सा बिचारी दोगांय नवीन म्हणान भायरच बसली होती."

"हो, हो," चार-पाच जण म्हणाले. माझी बायको त्यात होती.

पाववाला लाजला. "आमी कसली मावशे, आमी भाडोत्री."

"बाळ जेजूचो तरी खंय सातबारो होतो रे?" मावशी म्हणाली आणि सगळे हसले. मोजणी खात्यातल्या माणसाकडे बघून हसले, असं मला वाटलं.

मी म्हटलं, "वही बघून सांगतो."

शेवटच्या घराला सहा तारखेला सगळ्या वाडीची न्याहारी करावी लागते. त्या तयारीला आठवडा हवा, म्हणून ते घर तिसऱ्या संध्याकाळी जाहीर करायची आमची पद्धत आहे. माझ्याकडे दोन दिवस होते.

घरी येताना बायको म्हणाली, "देऊन टाका ना. एका वर्षाने काय बिघडतं? पुढच्या वर्षी आपलं." तिचा हिशेब बरोबर होता. क्रम एका घराने सरकला असता, इतकंच. पण तेरा वर्षं मी ज्या ओळीची वाट बघत होतो ती ओळ एका गाण्यावर दुसऱ्याला मिळत होती, आणि ज्यांच्यासाठी मी वही केली त्यांना वहीत काय आहे हे विचारावंसंही वाटलं नव्हतं. मूर्ती दुसऱ्या कोणाकडे गेली असती तर मी कदाचित सोडून दिलं असतं. त्याच्याकडे जावी हे मला सहन होत नव्हतं.

सत्तावीसला सकाळी मी पाववाल्याच्या घरी गेलो. तो सायकलवरून पाव द्यायला गेला होता. हे मला ठाऊक होतं. त्याची बायको भट्टीजवळ होती. तिने गरम पाव आणि चहा पुढे ठेवला.

मी विचारलं, "तुमका हयसर येवन किती म्हयने झाले?"

"गेल्या वर्साच्या सप्टेंबरात इलव. पंदरा झाले. कित्या भाऊ?"

"वहीत नोंद करूची आसा."

तिचा चेहरा बदलला. "आमचा नाव वहीत चडतला? माका वाटला, भाडोत्र्यांची नावा वहीत लिवनत नाय." मग तिने आवाज खाली आणला. "तुमका म्हणान सांगतंय. अजून कोणाक सांगूक नाय. मालकाचो मुंबयसून फोन इल्लो. मे म्हयन्यात घर खाली करूचा आसा, हयसर होमस्टे करतलो. सणात कित्या सगळ्यांक सांगायचा? मगे बघू खंय जातलव ता."

मी पाव खाल्ला. उठताना म्हटलं, "बाळ जेजू तुमच्याकडे इलो तर आमीपन पायां पडाक येतलव." हे मी का म्हटलं ते तेव्हा मला कळलं नाही. काहीतरी चांगलं बोलून निघावं, एवढंच होतं.

दुपारी मी वही उघडली. आधी पंधरावं घर म्हणून त्यांची नोंद केली, कारण तसं सांगून आलो होतो. मग त्याखाली नियम लिहायला घेतला. पहिल्यांदा मनात आलं, एक वर्ष. पण पंधरा महिने म्हणजे त्यांचं एक वर्ष कधीच भरलं होतं. दीड वर्ष म्हटलं तर मार्चमध्ये पूर्ण झालं असतं आणि दीड हा आकडा मुद्दाम काढल्यासारखा दिसला असता. दोन सरळ दिसतं. मी लिहिलं: "ज्या घराला वाडीत येऊन दोन वर्षं पूर्ण झालेली नाहीत, ते घर यादीत धरू नये." मे महिन्यात ते जाणार आहेत, म्हणजे दोन वर्षं त्यांची कधीच भरणार नाहीत, हे नियम लिहिताना मला माहीत होतं आणि वाडीत दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हतं. अक्षर नेहमीसारखं चांगलं आलं.

अठ्ठावीसची प्रार्थना मावशीच्या खळ्यात, म्हणजे अंगणात होती. बाळ येशूला संपवायला हेरोद राजाने जी निष्पाप बाळं मारली, त्यांचा त्या दिवशी सण असतो. वाचन हेरोदाचं. आमच्याकडे वाचन मीच करतो, कारण मी अडखळत नाही. आईला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. पाववाला खांबाला टेकून उभा होता, त्याची बायको बायकांत पुढे बसली होती. वही मी शुभवर्तमानाच्या पुस्तकाखाली धरली होती. वाचन झालं की लगेच नियम वाचायचा आणि शेवटचं घर जाहीर करायचं, असं ठरवलं होतं.

तो उतारा मी तीस वर्षं वाचतो आहे. हेरोद म्हटला की माझ्या मनात तलवारी, शिपाई आणि रडणाऱ्या आया यायच्या. आपला आणि त्याचा संबंध नाही असा तो माणूस. त्या संध्याकाळी मी वाचत गेलो. ज्ञानी लोकांनी आपल्याला फसवलं हे पाहून हेरोद संतापला. त्याने माणसं पाठवली. बेथलेहेम आणि आसपासच्या भागातले दोन वर्षांचे आणि त्याहून लहान असे सगळे मुलगे, ज्ञानी लोकांकडून नीट विचारून घेतलेल्या वेळेप्रमाणे...

मी थांबलो.

दोन वर्षं. विचारून घेतलेल्या वेळेप्रमाणे.

"चष्मो काढून पूस रे झिला," आई खुर्चीतून म्हणाली. "अक्षरा पळूक नाय." लोक हसले. मी खरंच चष्मा पुसला.

मत्तयाच्या त्या प्रकरणात आकडा एकच आहे. ज्ञानी किती ते नाही, किती दिवस चालले ते नाही, किती मुलगे गेले तेही नाही. आहे तो आकडा हेरोदाचा आहे. लूकच्या शुभवर्तमानातल्या मेंढपाळांनीही काही मोजलं नाही. योसेफाने स्वप्न पाहिलं आणि बाळाला घेऊन उठून निघाला. मोजणी फक्त हेरोदाने केली. आधी शास्त्र्यांना बोलावून जागा कोणती ते विचारलं. मग ज्ञानी लोकांना एकान्तात बोलावून तारा कधी दिसला ते विचारलं. जागा आणि वेळ, दोन्ही पक्क्या. मग एखादा महिना इकडे-तिकडे होऊन कोणी निसटू नये म्हणून आकडा थोडा वर धरला. आणि निरोप देताना गोड बोलला, बाळ सापडलं की सांगा, मीही येऊन त्याच्या पाया पडेन.

संताप त्याला शेवटी आला. त्याच्या आधीचं सगळं काम त्याने शांतपणे आणि नीटनेटकं केलं होतं. माझ्या नियमाने कोणाचं रक्त सांडणार नव्हतं, एवढं मला कळतं. मी राजा नाही आणि पाववाल्याचं घर बेथलेहेम नाही. पण कामाची रीत मी ओळखली. रोज मी तेच काम करतो.

पुढची रडण्याची ओळ मी वाचली. पुस्तक मिटलं. वही त्याच्याखाली होती, ती काढली नाही.

"मगे?" मावशी म्हणाली. "शेवटचा घर कोणाचा? वहीत काय लिवलला आसा?"

मी म्हटलं, "पाववाल्याचं."

टाळ्या वाजल्या. त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मला मोकळं वगैरे काही वाटलं नाही. टाळ्या त्याच्यासाठी होत्या आणि त्या मला ऐकू येत होत्या.

लोक निघाले तेव्हा तो लंगडत माझ्याकडे आला. "भाऊ, तुमच्या आवशीन माका काल सांगला. चौदा वर्सा झाली, ह्या वर्साक तुमचा घर. आमका नको. तुमीच घेवा. मी मावशेक सांगतंय."

म्हणजे आईला आठवत होतं. तिने ते मला सांगितलं नव्हतं, त्याला सांगितलं होतं. आणि आता मोठं मन दाखवायची माझी एकुलती एक संधी, तीही तो माझ्या आधी घेऊन मोकळा झाला होता. त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला तितका त्याच्या गाण्याचाही कधी वाटला नव्हता.

"वहीत लिहिलेलं बदलत नाही," मी म्हटलं.

खुर्ची ढकलत आईला घरी नेताना ती म्हणाली, "खंय लिवलंस ता? दाखव बघया."

"घराक जावन लिवतंय."

"बरा," ती म्हणाली.

घरी जाऊन मी त्यांचं नाव शेवटच्या घराच्या जागी लिहिलं. नियम मात्र खोडला नाही. नऊ दिवस तो तसाच होता. पुढे कधी दुसरे भाडेकरी आले तर उपयोगी पडेल, असं मी स्वतःला सांगत होतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसं होतं.

सहा तारखेला सकाळी पाववाला मूर्ती घेऊन निघाला. अधू पायामुळे तो हळू चालत होता, त्यामुळे सगळी वाडी हळू चालली आणि आईची खुर्ची पहिल्यांदाच मागे पडली नाही. आमच्या फाटकापाशी तो थांबला आणि मूर्ती तिच्यापुढे धरली. तिने तुटलेल्या करंगळीवर बोट ठेवलं. मी खुर्चीचा दांडा धरून मागे उभा होतो. न्याहारीला सत्तावन्न माणसं होती. पाव उत्तम होते.

दुपारी त्याची बायको उरलेले पाव घेऊन आमच्याकडे आली. आईला दिले, माझ्या बायकोशी बोलली, मग माझ्याकडे वळली. "भाऊ, आमचा नाव वहीत कसा लिवलंत ता माका दाखवशात? जावच्या आधी एकदा बघूचा होता."

वही टेबलावर होती. त्यांचं नाव आणि खाली तो नियम, एकाच पानावर. पान फाडता आलं असतं, चष्मा सापडत नाही म्हणता आलं असतं. मी तिच्यासमोर वही उघडली, नियमावर पट्टीने एक रेघ मारली, शेजारी सही केली, तारीख घातली आणि वही तिच्याकडे फिरवली.

तिने आधी आपलं नाव वाचलं. मग खालची ओळ वाचली. रेघेखालची अक्षरं स्पष्ट दिसत होती. वाचायला जितका वेळ लागावा त्याहून जास्त वेळ ती बघत राहिली.

"ह्याच्यासाठी माका म्हयने विचारलंत?"

"हो."

"मे म्हयन्याचा मिया सांगलंय, त्याच्या मगे लिवलंत?"

"हो. त्यानंतर."

आई पलंगावरून ऐकत होती. माझी बायको दारात थांबली होती.

"एकच रेघ कित्या मारलात?" तिने विचारलं. "पुरा खोडूचा होता."

मी तिला सांगितलं की आमच्या खात्यात चूक पुसत नाहीत आणि काळी करत नाहीत. एक रेघ मारतात, सही करतात. खाली काय होतं ते मागाहून येणाऱ्याला वाचता आलं पाहिजे.

तिने वही मिटली आणि माझ्या हातात दिली. "मगे ऱ्हवांदे तसाच," ती म्हणाली. "वाचांदेत." रिकामी टोपली तिने उचलली आणि ती गेली. पाया पडायला येईन म्हणालो होतो, त्याबद्दल ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आईचे चार पाव आले. फाटकाच्या खांबावर ठेवलेले होते, कागदात गुंडाळून. आईने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आज बसूक नाय तो?"

मी तिला पहिली गोळी दिली. मग पाववाला ओढायचा ती खुर्ची तिच्या पलंगाजवळ घेतली आणि तो का आला नाही ते सुरुवातीपासून सांगायला बसलो. दुसऱ्या आणि तिसऱ्या गोळीला त्या दिवशी वीस मिनिटं उशीर झाला.